एक जूनला जन्मलेले बिशपसाहेब

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
१४ जुलै २०२४

त्या दिवशी सकाळी मी विहिरीच्या चार खेपा केल्या, चूल सारवली, सात भाकरी थापल्या आणि तुमचा एकुलता एक सदरा रिठ्याच्या पाण्यात धुऊन कुंपणावर टाकला. ऊन कडक होतं, सदरा लगेच वाळला. तुम्ही उघड्या अंगानं शेळीच्या पिलामागं पळत होतात. मी तुम्हाला दंडाला धरून आणलं, डोक्याला तेल चोपडलं, भांग पाडला. मास्तर दारात उभे राहून म्हणाले, गाडी चुकली तर बोर्डिंग हातचं जाईल. त्यांचा चढलेला आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला. मग भाकरी फडक्यात बांधून आपण तिघं लासूर स्टेशनच्या वाटेला लागलो. पुढं औरंगाबादला बोर्डिंगात काय झालं ते तुम्हालाही ठाऊक आहे. ते आज लिहीत नाही.

बिशपसाहेब, सलाम. पंचावन्न वर्षांपूर्वीची सकाळ आज आठवायचं कारण तुमचा कागद. तुमच्या ऑफिसातला राजकुमार काल तो घेऊन आला. "काही नाय मावशी, फक्त सही. साहेबांनी सलाम सांगितलाय." मी म्हणाले, वाचून करते. त्याला हसू आलं. एवढं काय वाचायचं, म्हणाला, तोवर चहा पाजा. त्याचा चहा पिऊन झाला, बशी पुसून झाली, तरी मी वाचतच होते. तीनदा वाचला.

कागदात लिहिलं आहे की मी, मुक्ताबाई पुंजाराम पारखे, सत्यप्रतिज्ञेवर सांगते की माझे मयत पती अल्पशिक्षित व विसराळू होते, आणि बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात जन्मतारखा मागाहून अंदाजे लिहिण्याची त्यांना सवय होती. म्हणून माझे धाकटे दीर रत्नाकर यांची, म्हणजे तुमची, त्यातली तारीख चुकीची आहे.

अंदाजे! हा शब्द कुणाला सुचला ते मला कळवा. वकिलाला सुचला असेल तर तो त्यांना ओळखत नव्हता. तुम्हाला सुचला असेल तर मला पुढं काय लिहावं ते समजत नाही.

लोक त्यांना मास्तर म्हणायचे, पण ते शाळेतले मास्तर नव्हते, आपल्या वाडीच्या मंडळीचे सुवार्तिक होते, पाळक नसताना उपासना चालवणारे. एकेचाळीस वर्षं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येऊन बाप्तिस्मे देऊन जायचे, नोंद मास्तर करायचे. आपल्या लोकांना तारीख कुठं ठाऊक असायची? कडुबाच्या मुलीची तारीख काढायला ते तीनदा त्याच्या घरी गेले. ज्वारी उभी होती का कापली होती, चंद्र किती होता, घरात पाहुणं कोण होतं. शेवटी कडुबाच्या आईला आठवलं की त्या दिवशी गंगापूरच्या बाजारातून आणलेला रांजण वाटेत फुटला होता. तर हा माणूस गंगापूरला जाऊन कुंभाराला विचारून आला. कुंभार म्हणाला, "तुमचा येशू असा हिशोब मागतो व्हय?" मास्तर हसले, पण तारीख घेऊन आले. आणि जिथं काहीच लागलं नाही तिथं त्यांनी लिहिलं, "तारीख ठाऊक नाही." अशा एकोणीस नोंदी आहेत. अंदाजे एकही नाही.

अंदाज शाळेत चालायचा. शाळेच्या दाखल्यात अख्खी वाडी एक जूनला जन्मली. कडुबाची चारी पोरं एक जून, पाटलाचा मुलगा एक जून, तुम्हीही एक जून.

तुमची अडचण मला समजते. बिशपानं पासष्टाव्या वर्षी खुर्ची सोडायची असा आपल्या मंडळीचा नियम. रजिस्टर म्हणतं, जन्म २३ नोव्हेंबर १९५८, म्हणजे तुमची पासष्टी गेल्या नोव्हेंबरातच झाली. शाळेचा दाखला म्हणतो १ जून १९६१, म्हणजे अजून दोन वर्षं आहेत. काही सभासदांनी तक्रार केली आहे आणि १७ ऑगस्टला तिघांची समिती बसणार आहे, हे राजकुमारनंच सांगितलं.

कागद परत पाठवते आहे. सही केलेली नाही. 'अंदाजे' या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली आहे.

मुक्ताबाई


पडेगाव
२२ जुलै २०२४

बिशपसाहेब,

माझ्या पत्राचं उत्तर तुम्ही मला दिलं नाही, माझ्या मुलीला दिलं. सुलेखा तुमच्या शाळेत एकवीस वर्षं शिकवते. परवा तिला ऑफिसात बोलावून सांगण्यात आलं की वैजापूरच्या शाळेत शिक्षक कमी आहेत, तुमचं नाव विचारात आहे, आणि जाता जाता, आईची तब्येत कशी आहे?

ती घरी आली आणि पर्स न ठेवता म्हणाली, "आई, कर सही. बाबा आता कुठं वाचायला येणार आहेत?"

मी तिच्यावर रागावले नाही. तिच्या नवऱ्याचं दुकान इथं आहे, मुलगी बारावीला आहे. मी तुमच्यावर रागावले. सत्तावीस खेड्यांत दृढीकरणाला जाता, पोरांच्या डोक्यावर हात ठेवता, सत्यात चाला म्हणून सांगता. हे सांगून घरी जाताना गाडीत तुम्ही काय विचार करता?

मास्तर अल्पशिक्षित होते, हे खरं आहे. सातवी. पुढचं शिक्षण तुमच्या वाट्याला आलं. तुम्ही बोर्डिंगात मॅट्रिक झालात, पुण्याला देवज्ञान शिकलात, जालन्याला पाळक झालात, दोन वर्षं इंग्लंडला राहून आलात, तिथून मला चॉकलेटचा डबा आणि त्यांना लोकरीचा गळपट्टा आणलात. तो त्यांनी आपल्याकडच्या थंडीतही कधी गळ्याला लावला नाही, लई भारी आहे म्हणून ठेवून दिला. दोन हजार नऊ साली तुम्ही बिशप झालात. आम्ही वाडीहून पहाटेच्या जीपनं आलो. दारातल्या माणसानं पास मागितला. मास्तर म्हणाले, आम्ही घरचेच आहोत. तो म्हणाला, आज सगळेच घरचे आहेत बाबा. आम्ही मागच्या भिंतीला टेकून उभे राहिलो. तुमच्या डोक्यावर सात बिशपांचे हात पडले तेव्हा मास्तर टाचा उंच करून बघत होते. जांभळा झगा, हातात मेंढपाळाची काठी. मला म्हणाले, "पोरगं बारीक झालंय गं." मला तेव्हा पासचा राग आला होता. त्यांना आला नाही.

आणि दोन हजार एकोणीस साली त्यांच्या मातीला तुम्हीच उपदेश केलात. तुमचे शब्द मला पाठ आहेत, कारण त्या दिवशी दुसरं काही माझ्या कानात शिरलंच नाही. तुम्ही म्हणालात, "माझ्या दादानं लिहिलेली एकही नोंद खोटी निघणार नाही, आणि त्यातली पहिली नोंद माझी आहे." चारशे माणसांनी ऐकलं. पाच वर्षांत त्यांची अक्षरं बदलली का?

पहिली नोंद तुमची, हे तुम्हीच सांगितलंत, पण सगळं नाही सांगितलं. मास्तर तेव्हा अठरा वर्षांचे होते. गोऱ्या मिशनरी साहेबाला मराठी लिहिता येईना म्हणून त्यानं दौत त्यांच्यापुढं सरकवली. ७ डिसेंबर १९५८. जन्म २३ नोव्हेंबर, रविवार, उपासना चालू असताना, असं लिहिलं आहे. उपासनेची वेळ कुणी लिहितं का? ज्याला भाऊ झाल्याचा आनंद मावत नाही तोच लिहितो.

रजिस्टर माझ्याकडं कसं, असंही सुलेखाला विचारण्यात आलं, जणू मी ते चोरलं. वाडीतल्या आपल्या उपासनेच्या देवळाचं छत खचलं तेव्हा मास्तरांनी ते उशाखाली आणून ठेवलं. ते गेल्यावर मी ऑफिसला दोन पत्रं लिहिली की येऊन घेऊन जा. दोन्ही पत्रांना उत्तर नाही. मी स्वतः गेले तर तिथल्या बाईंनी सांगितलं, जुने कागद ठेवायला जागा नाही, तुमच्याकडंच असू द्या. तेव्हापासून ते माझ्या ट्रंकेत, लुगड्यात गुंडाळून आहे. मी ते कैकदा वाचलं आहे. माझी शाळा तीच. उपासनेतली गायनं मला तोंडपाठ होती, म्हणून लग्नानंतर गायनांचं पुस्तक मांडीवर घेऊन म्हणत म्हणत शब्दावर बोट ठेवायची, अशी अक्षरं कळली. मग रजिस्टरातली नावं वाचली, कारण ती माणसं ओळखीची होती. त्यांच्या अक्षरानं मी वाचायला शिकले. आता त्याच डोळ्यांनी मी तुमच्या कागदावर सही करायची?

वैजापूरचं काय ते तुम्ही ठरवा. मी नाही म्हणाले आहे.

मुक्ताबाई


पडेगाव
४ ऑगस्ट २०२४

रत्नाकर,

हे पाकीट राजकुमारनं उघडू नये म्हणून सुलेखा ते विशाखाच्या हातात देणार आहे. तुझी बायको आहे ती, तिनं वाचलं तरी हरकत नाही. आज मी तुला बिशपसाहेब म्हणणार नाही. जे लिहायचं आहे ते बिशपाला लिहिता येत नाही.

समितीचं पत्र मलाही आलं आहे. रजिस्टर घेऊन हजर राहा, असं. मी ठरवलं होतं की रजिस्टर उघडून दाखवायचं आणि गप्प बसायचं. पण मग ते विचारतील, मग एक जून एकसष्ट कुठून आलं? आणि मी गप्प बसले तर शाळेतली तारीख मास्तरांच्याच माथी येईल, कारण पालक म्हणून तिथं सही त्यांची आहे. तुझ्या वकिलालाही तेच पाहिजे. तो म्हणेल, इथं खोटं लिहिलं नाही तर तिथं लिहिलं, कुठंतरी लिहिलंच ना.

तर ऐक. तू तिथंच होतास, माझ्या लुगड्याचा काठ मुठीत धरून. पण दहा वर्षांच्या पोराला सगळं कळतंच असं नाही.

बोर्डिंगच्या शाळेत हेडमास्तर टेबलामागं बसले होते. मागच्या बाकावर मनकर्णाबाई नावाची एक बाई होती, आपल्या पोराला घेऊन. त्याला नुकतंच परत पाठवलं होतं, नऊच्या वरचं मूल घेत नाहीत म्हणून. ती रडत नव्हती, नुसती बसली होती. हेडमास्तरांनी मास्तरांना विचारलं, "वय किती पोराचं?" मास्तरांनी तोंड उघडलं आणि बंद केलं. त्यांना खरं सांगायचं नव्हतं आणि खोटं येत नव्हतं. हेडमास्तरांनी पुन्हा विचारलं. मी एकोणीस वर्षांची होते, डोक्यावर पदर, परक्या पुरुषासमोर कधी बोलले नव्हते. मी म्हणाले, "आठ. दिसायला थोराड हाय."

हेडमास्तरांनी बोटावर मोजलं आणि लिहिलं, एक जून एकोणीसशे एकसष्ट.

ती तारीख माझी आहे. मास्तरांनी फक्त खाली सही केली.

परत येताना ते गाडीत माझ्याशी बोलले नाहीत. आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी जेवताना म्हणाले, "तू बोललीस. पण मी गप्प बसलो ना." एवढंच. त्यानंतर त्या वर्षात तीनदा ते खरं वय सांगायला म्हणून निघाले आणि तिन्ही वेळा लासूर स्टेशनवरून परत आले. तुला काढून टाकतील ही भीती. तिसऱ्या वेळी मी विचारलं, आता परत जाणार का? म्हणाले, "पोरगं वर्गात पहिलं आलंय. आता माझे पाय जाईनात." रजिस्टरात तारखेसाठी कुंभाराकडं जाणारा हा माणूस आयुष्यभर हे पोटात घेऊन राहिला, तुझ्यासाठी आणि माझ्यासाठी. मला तो एकदाही टाकून बोलला नाही. मला बोलला असता तर बरं झालं असतं.

मी त्या दिवशी बोलले त्याचा मला पस्तावा नाही, हे मी देवालाही सांगितलं आहे. तुझी आई गेलेली, घरात पुस्तक नाही, वाडीत राहिला असतास तर पाटलाची गुरं राखली असतीस. मी एका शब्दानं तुला तिथून उचललं. मनकर्णाबाईचं पोर राहिलं, ते मात्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्याची आई माझ्याइतकी धीट नव्हती.

पण तेव्हा मी दहा वर्षांच्या पोरासाठी खोटं बोलले. आता तू मला म्हणतोस की पासष्टी उलटलेल्या माणसासाठी, खुर्चीवरच्या दोन वर्षांसाठी, मेलेल्या नवऱ्यावर खोटं बोल. आणि खोटं तेही कुठलं? ज्या एका ठिकाणी त्यांनी कधी खोटं लिहिलं नाही, नेमकं तिथलं.

कोण काय म्हणेल याची मला फिकीर नाही. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. माझं काय जाणार? त्यांचं मात्र जाईल. त्यांच्याकडं घर नव्हतं, शेत नव्हतं, मागं राहिली ती ही एक वही आणि लोक म्हणतात तेवढं, की मास्तरांनी लिहिलं म्हणजे लिहिलं. ते तू घेऊ नकोस.

समितीपुढं काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. तू स्वतः जाऊन दोन्ही तारखा सांगितल्यास तर मला यावंच लागणार नाही. तेवढं करशील का?

वैनी


पडेगाव
१८ ऑगस्ट २०२४

रत्नाकर,

परवा, शुक्रवारी, तू येऊन गेलास तेव्हा काय बोलणं झालं ते तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण तू एक समजून गेलास आणि मी दुसरंच समजून बसले होते, आणि तू मागून म्हणशील वैनीनं फसवलं.

तू एकटाच आलास, गाडी स्वतः चालवत. पांढरा सदरा, बोटात बिशपाची अंगठी नाही. बरं वाटलं. मी म्हणाले, जेवतोस का. तू म्हणालास, ठेचा असेल तर. दोन भाकरी खाल्ल्यास, पाटावर मांडी घालताना गुडघा धरलास. मला वाटलं आता बोलशील. बोललास, पण कामाचं. नर्सिंगच्या मुलींचं वसतिगृह अर्धं राहिलंय, सात खेड्यांना पाळक नाहीत, तुझ्यानंतर येणारा माणूस कसा आहे ते तूच जाणतोस. दोन वर्षं मिळाली तर सगळं मार्गी लागेल. खरं असेल. मी म्हणाले, ही कामं समितीला सांग, ती देतील दोन वर्षं. तू म्हणालास, नियम आहे, देता येत नाहीत. मग नियम आहे, मी म्हणाले.

सुलेखाच्या बदलीचा विषय तूच काढलास. ते राजकुमारनं परस्पर केलं, कागद रद्द करतो म्हणालास. सुलेखा आतून बाहेर आली. "काका, रद्द करू नका. वैजापूरला यष्टी जाते." तिला हे कुठून सुचलं मला माहीत नाही. तीन आठवडे ती मला सही कर म्हणत होती. माझं मागचं पत्र विशाखाकडं द्यायच्या आधी तिनं वाचलं होतं, एवढं मला नंतर कळलं.

मग तू ते वाक्य बोललास, खाली बघून.

"वैनी, दादा असता तर त्यानं माझ्यासाठी सही केली असती."

"दादा शाळेत गप्प उभा होता रत्नाकर. तुझ्यासाठी त्याच्यानं तेवढंच झालं."

मी आत जाऊन ट्रंकेतून तुझं पत्र आणलं. पुण्याहून लिहिलेलं, २३ नोव्हेंबर १९७८ चं. "वैनी, आज मला वीस वर्षं पूर्ण झाली. इथं कुणाला सांगता येत नाही, इथं माझा वाढदिवस जूनमध्ये असतो, म्हणून तुला सांगतो." तू ते उभ्यानं वाचलंस. चष्मा काढून पुसलास. मी म्हणाले, घेऊन जा. तू घडी घालून खिशात ठेवलंस आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला पुढं झालास. मी मान मागं घेतली. ते तुला लागलं, मी बघितलं. पण आशीर्वाद द्यायची ती वेळ नव्हती.

तू हसतमुखानं गेलास. पत्र परत मिळालं म्हणजे वैनी मवाळ झाली, असं तुला वाटलं असणार. सुलेखा माझ्यावर चिडली. "आई, तो एकच कागद होता, त्याला सगळं माहीत होतं हे दाखवणारा." मी तिला सांगितलं, ते पत्र त्यानं त्याच्या वैनीला लिहिलं होतं, समितीला नाही. तुला ठाऊक होतं की नव्हतं, ते समितीनं मला विचारलं तर मी म्हणणार होते की त्यालाच विचारा. तेवढी वाट तुझ्यासाठी मोकळी ठेवली आहे. ती तू कशी चालतोस ते तुझं.

दुसऱ्या दिवशी सुलेखानं स्कूटी काढली. अकरा वाजता समितीनं मला आत बोलावलं. मी रजिस्टर टेबलावर उघडलं आणि पहिली नोंद वाचून दाखवली, उपासनेच्या वेळेसकट. मग सांगितलं की एक जून एकसष्ट ही तारीख माझ्या तोंडून गेली, पुंजाराम मास्तर तेव्हा गप्प होते. त्यांनी ते लिहून घेतलं. मी ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली.

वैनी